पाणरेषा

नाव विकत घेतली तेव्हा श्युर्डने
तिच्या पोटावर बोटभर पांढरी पट्टी ओढून दिली.
म्हणाला, ही पाण्याच्या वर दिसतेय तोवर
तू साधी बाई, वीत्स्के.
बुडाली की समज, पुन्हा संसार थाटलास.

नावेला मी नाव ठेवलं नाही.
तेवढीच एक गोष्ट कमी.

एक हिवाळा गेला घर रिकामं करण्यात.
माळ्यावरचे बर्फावर घसरायचे लाकडी बूट
(कालवा शेवटचा कधी गोठला, आठवत नाही),
झाकणं हरवलेल्या बरण्या, बरण्या हरवलेली झाकणं,
हेसेलचे तीन कोट, एकाच्या खिशात
बोटीचं जुनं तिकीट. तिकीट ठेवलं.
कोट दिले.
पहिल्या रात्री नावेवर इतकी हलकी झोप लागली
की मध्येच उठून मी दोर तपासला.

दोन ताटल्या, दोन कप.
दुसरा कप कुणासाठी, विचारू नका.

एक खण मात्र आणला.
शिशाच्या खिळ्यांचा.
एकोणतीस वर्षं लेवार्डनच्या छापखान्यात मी जुळारी होते.
अजून दुकानांच्या पाट्या
आरशात जास्त लवकर वाचते.
छापखाना मोडला त्या दिवशी
भंगारवाल्याच्या काट्यावरून उचलला होता हा:
सतरा किलो.
ना यंत्र, ना शाई, ना कुणाला काही छापायचं.
चार खोल्यांचं घर सोडलं
आणि शंभर घरांचा खण घेऊन आले.

डाव्या बाकाखाली सरकवला
आणि नाव डावीकडे कलली.
फार नाही.
तव्यात अंडं फोडलं की
ते आपलं डाव्या काठाला जाऊन बसतं, एवढीच.

मग निळी किटली जुन्या वस्तूंच्या दुकानात दिली,
निदान तेवढा तरी भार उतरावा.
सोमवारी दिली.
गुरुवारी सहज म्हणून डोकावले
तर ती काचेत, पुढच्या रांगेत, गळ्यात चिठ्ठी अडकवून:
साडेतीन युरो.
झाकणाचा टवका त्यांनी भिंतीकडे वळवून ठेवला होता.
मला ते अजिबात आवडलं नाही.
गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला,
छान निवड आहे तुमची.
मी पिशवी नको म्हटलं.

पुलावरचा डुर्क
गळाच्या काठीला लाकडी जोडा बांधून खाली सोडतो,
त्यात पुलाची पट्टी टाकायची.
वरूनच ओरडला, वीत्स्के,
तुझी नाव लंगडतेय.
काय सुचलं कोण जाणे,
दोन नाण्यांबरोबर एक खिळा टाकला जोड्यात.
थोरला डी.
जोडा डुलत वर गेला.
त्याने खिळा उन्हात धरला, फिरवून पाहिला,
माझ्या नावातलं पहिलं, म्हणाला,
उलटं.
आणि पूल उघडला.

तळ्यात पोचेपर्यंत मी खूश होते.
असंच करावं, प्रत्येक पुलावर एक अक्षर,
उन्हाळ्याच्या शेवटी खण रिकामा.
पहिल्यांदाच देताना हात आखडला नव्हता.
दिवा लावला आणि मोजायला बसले.
थोरल्या डीच्या घरात आठ उरले होते.
आठ पुष्कळ झाले.
पण नऊ होते.
रात्री दोनदा उठून मोजले.
खाली वाकून पट्टीही पाहिली
टॉर्च मारून:
केसभरही वर आली नव्हती.

परतताना डुर्कला म्हटलं,
तो खिळा तुझ्याकडेच राहू दे.
तो म्हणाला, राहू दे म्हणजे?
मी काय परत देणार होतो?
त्याच्या खोलीच्या खिडकीत उभा केलाय त्याने,
फुलदाणीशेजारी.
दर खेपेला मान वर करून पाहते,
आहे ना.

आता उजव्या बाकाखाली
पाण्याचे दोन कॅन ठेवलेत.
मोजून सतरा किलो.
नाव सरळ झाली.
श्युर्डची पट्टी आता दिसत नाही,
पाण्याखाली कुठेतरी पांढरी असेल.
आणि अंडं
तव्याच्या अगदी मधोमध.